ताल कोण धरतं ते आधी शोध

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातला तुझा प्रकल्प संपत आलाय आणि आता तुला हायपोथॅलॅमसवर, म्हणजे मेंदूतल्या संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या भागावर, पीएचडी करायची आहे. कॅन्सरमध्ये घातलेली वर्षं वाया जातील, ही भीती मनातून काढून टाक. हायपोथॅलॅमसमधला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे किसपेप्टिन हे पेप्टाइड, प्रथिनासारखाच पण छोटा रेणू. त्याचं जनुक १९९६ साली सापडलं तेच मुळी मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशींमध्ये, कॅन्सर पसरण्यापासून रोखणारं म्हणून. काही वर्षांनी, २००३ मध्ये, वयात न येणाऱ्या मुलामुलींच्या कुटुंबांत किसपेप्टिनच्याच रिसेप्टरमध्ये, म्हणजे त्याचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनात, बिघाड आढळला आणि प्रजननशास्त्राची दिशा बदलली.

तू लिहिलंस, ‘मला जीएनआरएच न्यूरॉनवर काम करायचंय.’ जीएनआरएच हे प्रजननाची साखळी सुरू करणारं मेंदूतलं संप्रेरक, ते सोडणाऱ्या चेतापेशी त्या या. मोह मी समजू शकते. माणसाच्या मेंदूत हे न्यूरॉन जेमतेम हजार-दोन हजार, आणि पाळी, वीर्यनिर्मिती, वयात येणं सगळं त्यांच्यावर अवलंबून. पण नुसतं त्यांच्याकडे बघून हाती फारसं लागणार नाही. ढोलपथकात आवाज ढोलाचा मोठा, ताल मात्र ताशा धरतो. तू आधी ताशा शोध.

तालाचं महत्त्व अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञाच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं. जीएनआरएच तासातून एकदा, थोडा वेळ दिलं तर एलएच, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून निघून बीजाशयाला किंवा वृषणाला चालना देणारं संप्रेरक, टिकून राहतं. तेच सतत देत राहिलं तर एलएच घसरतं. रेणू तोच, वेळापत्रक वेगळं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचसारखं औषध सतत मिळेल असं देतात ना, ते याच तत्त्वावर. म्हणजे या विषयाचं एक टोक तू आधीच पाहिलं आहेस.

हा ताल येतो तो हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रक या भागातल्या केएनडीवाय न्यूरॉनकडून. नाव पडलं ते त्यांतल्या किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. एकाच पेशीत तीन पेप्टाइड: न्यूरोकायनिन बी शेजारच्या बहिणींना, म्हणजे इतर केएनडीवाय न्यूरॉनना, उठवतं, डायनॉर्फिन त्यांना शांत करतं, आणि या दोघांच्या ओढाताणीतून जी लाट उठते ती किसपेप्टिन जीएनआरएच न्यूरॉनपर्यंत नेतं. डायनॉर्फिनचा लगाम मुख्यतः या बहिणींवरच चालतो, हे नीट लक्षात ठेव. पुष्कळ विद्यार्थी तो थेट जीएनआरएचवर दाखवून मोकळे होतात. आणखी एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. जीएनआरएच न्यूरॉनमध्ये इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर नसतो, किसपेप्टिनच्या न्यूरॉनमध्ये असतो. बीजाशयाची खबर पोचते ती अशी मध्यस्थामार्फत. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचंही तसंच. मुलगी फार कृश झाली की पाळी थांबते. तो निरोपही दुसऱ्याच पेशी पोचवतात.

म्हणून प्रयोग आखताना वेळ मोज. एलएचच्या एका नमुन्यावरून स्पंदनांबद्दल काहीही म्हणू नकोस. दर दहा मिनिटांनी, कित्येक तास रक्त घ्यावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. सरासरीच्या आकड्यात अख्खा ताल हरवतो. उंदराचं जसंच्या तसं माणसाला लावू नकोस. उंदरात बीजोत्सर्गाआधीची एलएचची उसळी मेंदूच्या पुढच्या भागातले किसपेप्टिन न्यूरॉन घडवतात, आपल्यात तसंच आहे असं गृहीत धरता येत नाही.

उपयोग काय, असं घरचे विचारतील. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा धाक उरत नाही, केएनडीवाय न्यूरॉन फुगतात, अतिसक्रिय होतात आणि शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्रांना त्रास देतात. तुझ्या आईला, मावशीला अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होतं, त्यामागे हेही आहे. न्यूरोकायनिन बीचा रिसेप्टर अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती याच तक्रारीसाठी.

कुर्ल्याला गाडी बदलून एकदा परळला जा, प्रजनन आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत कोण काय करतंय ते विचार. त्याआधी एका पानावर तुझा प्रश्न लिहून मला पाठव: कोणता न्यूरॉन, कोणता रिसेप्टर, कोणता प्राणी, आणि किती मिनिटांनी मोजणार. चौथ्या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ घालव.

तुझ्या
मॅडम