भारताची स्वतःची हलकी तोफ आहे का आणि ती डोंगरात चालते का?

हो आहे, 105 मिमीची (म्हणजे नळीचा आतला व्यास एवढा) लाइट फील्ड गन, आणि ती डोंगरासाठीच हलकी केलेली आहे. आधी आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं डिझाइन करणाऱ्या संस्थेने, 105 मिमीची इंडियन फील्ड गन डिझाइन केली, तिचं वजन जवळपास साडेतीन टन, मग तिचीच ही हलकी बहीण आली, साधारण 2,400 किलोची, आणि गंमत म्हणजे वजन एवढं उतरवूनही रेंज 17 किमीच्या आसपासच राहिली. बनवतात जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत. घरात तोफखान्यातून रिटायर झालेले काका आहेत म्हणून थोडं माहीत, ते म्हणतात मोठी तोफ घाटातल्या वळणावर अडकते तिथे ही गाडीमागे निघून जाते, रस्ताच नसेल तर हेलिकॉप्टरखाली लटकवून वर नेतात, आणि गोळा पंधराएक किलोचा म्हणजे एकटा जवान छातीशी धरून आणतो, आधी गोळा आत ढकलायचा मग मागून तो उडवणाऱ्या दारूचं काडतूस. पण एक आहे, गोळा लहान म्हणजे दणकाही लहान. कारगिलला 105 मिमीच्या तोफा होत्याच पण डोंगरावरचे पक्के बंकर फोडायचं मोठं काम 155 मिमीच्या बोफोर्सने केलं, आणि त्यानंतर लष्कराचा सगळा कल 155 कडेच आहे. बाकी 26 जानेवारीला दिल्लीत 21 तोफांची सलामी 2023 पासून 105 मिमीच्या देशी तोफाच देतात, त्याआधी ब्रिटिशांच्या जमान्यातली 25 पाउंडर तोफ असायची.