यूज्ड टू नक्की कुठे वापरायचं?

प्रश्न: 'आय यूज्ड टू ड्राइव्ह अ‍ॅट नाइट' आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग अ‍ॅट नाइट' यात फरक काय हो? मी दोन्ही बिनधास्त वापरते, पण परवा मैत्रीण म्हणाली अर्थ पार बदलतो.

उत्तर: मैत्रीण बरोबर आहे. पहिल्याचा अर्थ, पूर्वी रात्री गाडी चालवायचे, आता नाही. दुसऱ्याचा अर्थ, रात्री चालवायची सवय आहे, त्याचं काही वाटत नाही. म्हणजे इंटरव्ह्यूत पहिलं बोललात तर समोरच्याला वाटणार बाईंनी रात्रीचं ड्रायव्हिंग सोडलंय!

खूण अशी की आधी अ‍ॅम, इज, आर, वॉज असलं काही आलं की पुढे 'ड्रायव्हिंग' असं आयएनजीवालं रूप किंवा सरळ नाम येतं, जसं 'शी इज यूज्ड टू द नॉइज', आणि नसेल तर साधं क्रियापद. या साध्या क्रियापदवाल्या प्रकारात नकारात मात्र डी गळतो, 'आय डिडन्ट यूज टू लाइक इट', कारण भूतकाळ डिडन्टनेच दाखवून झालाय, इथे भले भले घसरतात.

आणि आत्ताच्या रोजच्या सवयीसाठी 'आय यूज टू गो' म्हणतात ना लोक, ते चक्क चूक, तिथे 'आय यूजुअली गो' म्हणा.

उच्चार दोन्हीकडे 'यूस्ट टू' असाच. 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट पेपर' मध्ये मात्र 'यूझ्ड', कारण तिथे सवयबिवय काही नाही, नुसतं वापरणं आहे, म्हणूनच इज असूनही पुढे साधं 'कट' आलंय.