आपोआप फवारा सोडणाऱ्या यंत्रात काय भरावे, काय भरू नये

प्रश्न: भाजीच्या वाफ्यांजवळ हालचाल टिपून फवारा सोडणारे यंत्र बसवले आहे. मांजरे वाफे उकरतात, ससे कोवळे शेंडे खातात. टाकीत मिरचीचे पाणी, व्हिनेगर की फिनाईल भरावे? त्याच यंत्रातून माव्यासाठी कडुनिंबाचे तेल सोडले तर चालेल का? शिवाय यंत्र मध्येच समोर कोणी नसताना फवारा सोडते, आणि कधी जनावर समोर असूनही सोडत नाही.

उत्तर: जनावरांसाठी फक्त साधे, स्वच्छ पाणी भरावे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी या यंत्रात काहीही भरू नये. ती फवारणी हातपंपानेच करावी.

या यंत्रातील सेन्सर उष्णता टिपतो. मागच्या जमिनीपेक्षा गरम असलेले काही समोरून सरकले की झडप उघडते. ते मांजर आहे, रांगणारे मूल आहे की पाणी द्यायला वाकलेला माणूस, हे त्याला कळत नाही. म्हणून टाकीतले द्रावण कोणाच्याही डोळ्यात गेले तरी इजा होणार नाही, असेच हवे. ही अट लावली की पाण्याशिवाय जवळजवळ काहीच उरत नाही. पाण्याने काम होते, कारण जनावर पळते ते अचानक झालेल्या आवाजाला आणि अंगावर आलेल्या थेंबांना दचकून. द्रावणाच्या तिखटपणाची त्यात गरज नसते.

मिरचीच्या पाण्यातला दाह डोळ्यांना आणि श्वासनलिकेला होतो. वारा उलटला की तो दमेकरी माणसापर्यंतही पोहोचतो. पक्ष्यांना मात्र मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे पाखरे हाकलायला ती निरुपयोगी. व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते. कोवळ्या पानांवर त्याचे करपल्याचे डाग पडतात आणि पितळी भाग गंजतात. फिनाईल, डांबरगोळ्यांचे पाणी आणि अमोनिया तर वर्ज्यच. मांजराचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही, आणि ते अंग चाटून स्वच्छ करते, म्हणजे अंगावर उडालेले सारे पोटात जाते. टी-ट्री, पुदिना, लिंबूवर्गीय साली यांची सुगंधी तेले ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवली जातात. मांजराच्या बाबतीत तीही तितकीच धोक्याची. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना आणि पाण्यातल्या माशांना अत्यंत विषारी आहे. टाकी धुण्यासाठी ब्लीच वापरले असेल, तर त्यात अमोनिया किंवा आम्ल कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू तयार होतो. मिठाचे पाणी जनावराला फारसे लागत नाही, पण वाफ्याची माती मात्र बिघडवते.

आता कडुनिंबाकडे. औषध चांगले आहे, हे यंत्र त्यासाठी चुकीचे. पहिले म्हणजे मावा हा थंड रक्ताचा, टाचणीच्या डोक्याएवढा जीव. तो सेन्सरला दिसतच नाही. वेळ लावून सोडायचे म्हटले तरी मावा पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि यंत्राचा फवारा वरूनच पडतो. दुसरे, तेल पाण्यात मिसळून ठेवले की काही तासांत वर तरंगते. पंप तळातून ओढतो, म्हणून सुरुवातीला नुसते पाणी उडते आणि टाकी संपत आली की घट्ट तेल. एकाच वाफ्यात काही झाडांवर कीड तशीच आणि काहींची पाने करपलेली दिसली, तर कारण बहुधा हेच. तिसरे, कडुनिंबातील ॲझाडिरेक्टिन उन्हात आणि सामू (pH) 7 च्या वर असलेल्या पाण्यात लवकर निकामी होते. तीन दिवस टाकीत राहिलेले द्रावण म्हणजे फक्त वास.

हातपंपासाठी प्रमाण असे: 1500 पीपीएमचे (दहा लाख भागांत 1500 भाग ॲझाडिरेक्टिन) तयार कडुनिंब औषध 1 लिटर पाण्यात 5 मिली. त्यात तेल पाण्यात मिसळवणारा मिसळक आधीच असतो. साधे कडुनिंब तेल असेल तर आधी 1 ते 2 मिली सौम्य द्रव साबण 5 मिली तेलात घोटून घ्यावा, मग थोडे थोडे पाणी घालत 1 लिटर करावे. उलट क्रमाने, म्हणजे पाण्यात नुसते तेल ओतून नंतर साबण घातल्यास तेलाच्या गाठी राहतात. पोटॅशियम साबणाचे द्रावण वापरायचे झाल्यास लेबलवरील मात्रा पाहावी, ती बहुधा लिटरला 10 ते 20 मिली असते. कपडे धुण्याची पावडर त्याऐवजी चालत नाही, पाने जळतात. साबणाचा परिणाम ओला असेपर्यंतच आणि अंगाला लागला तरच होतो, म्हणून पानांची खालची बाजू पूर्ण भिजवावी. पाणी जड असेल तर साबणाचा साका होऊन नोझल बंद होते. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. पानांवर ढालकिड्याच्या अळ्या फिरत असतील तर थांबावे. त्या मावाच खात असतात आणि साबण त्यांनाही मारतो.

यंत्र समोर कोणी नसताना उडण्याचे कारण बहुतेक वेळा समोरची हलणारी, उन्हाने तापलेली पाने किंवा सेन्सरवर थेट पडणारे ऊन. पाने छाटा, सेन्सरचे तोंड उन्हापासून वळवा, संवेदनशीलता एक टप्पा कमी करा. जनावर समोर असूनही न चालण्याचे कारण निराळे: कडक उन्हात हवा आणि जमीन अंगाएवढी गरम झाली की सेन्सरला फरकच दिसत नाही. दुसरे कारण दिशा. सेन्सर समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे सहज टिपतो. म्हणून जनावराची वाट यंत्रासमोरून आडवी जाईल असे ते ठेवावे, मांजर-सशांसाठी जमिनीपासून 20 ते 40 सेंटिमीटर उंचीवर. साप आणि गोगलगायी त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

नळीला जोडलेल्या यंत्रांचा एक दोष कोणी तपासत नाही: दाब. उंचावरच्या टाकीतून 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी 3 मीटरवर असेल तर तो 0.3 बारच, इतक्या दाबात बहुतेक सोलेनॉइड (विजेवर उघडमीट करणाऱ्या) झडपा नीट बंद होत नाहीत आणि यंत्र गळत राहते. अशा ठिकाणी स्वतःची टाकी आणि पंप असलेले मॉडेल घ्यावे.

फवारा 3 ते 5 सेकंदांचा पुरे. धार सरळ न ठेवता पसरट ठेवा आणि ती वाटेवर, अंगाच्या खालच्या भागाकडे रोखा. जनावराला पळायला एक बाजू मोकळी हवी. कुंपणाच्या बंद कोपऱ्यात यंत्र लावू नका, ते तिथेच अडकून वारंवार भिजते. गोठणाऱ्या थंडीत आणि पिलांचे घरटे टप्प्यात असेल तर यंत्र बंद ठेवावे. नळी सावलीत किंवा मातीखालून न्यावी, कारण उन्हात पडलेल्या नळीतले पाणी चटका बसेल इतके तापते आणि पहिला फवारा त्याचाच असतो. चार-पाच दिवसांनी जागा बदलावी, नाहीतर मांजराला फवाऱ्याच्या टप्प्याची सीमा कळते आणि ते तिच्या बाहेरून फिरते.

टाकीचे तोंड बारीक जाळीने झाका, डास अंडी घालतात. कोमट पाणी साचून राहिले की जिवाणू वाढतात आणि बारीक तुषारांतून श्वासात जाऊ शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी. नोझलवर क्षाराचा पांढरा थर चढला असेल तर ते यंत्रातून काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, मऊ ब्रशने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि मगच परत बसवा. पाणी रोज किती जाते ते पाहायचे असेल तर नोझलखाली बादली धरून दहा फवाऱ्यांचे पाणी मोजा आणि त्यावरून रोजच्या फवाऱ्यांचा हिशेब करा. वाफ्यात चिखल दिसू लागला किंवा टोमॅटोची पाने रात्रभर ओली राहत असतील तर फवाऱ्याची दिशा पिकापासून फिरवावी, नाहीतर बुरशीचे डाग पडतात.