रिपोर्टातले ३६ आणि ३८

प्रश्न: डॉक्टरसाहेब, वय ५२, नागपुरात महाल भागात राहतो. रात्री आडवं झालं की आंबट पाणी पार घशात येते. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी टाकून तपासणी) केली तर रिपोर्टात ‘झेड लाइन ३६ सेंमी, हायटस ३८ सेंमी, लहान हायटस हर्निया’ असं लिहून आलं. हर्निया म्हणजे ऑपरेशनच ना? घरचे म्हणतात, हे सावजीच्या तिखट-तेलकट जेवणानं झालं.

उत्तर: भाऊ, आधी घाबरणं बंद करा. हे आकडे तुमच्या समोरच्या दातांपासून मोजलेले आहेत, नळी किती आत गेली ते तिच्यावरच्या खुणांवरून वाचतात. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला एक भोक असते, तेच हायटस, त्यातून अन्ननलिका खाली उतरते आणि लगेच जठराला मिळते. अन्ननलिकेचं अस्तर फिक्कट गुलाबी, जठराचं लालसर, दोन्ही मिळतात तिथली दातेरी रेघ म्हणजे झेड लाइन. ही रेघ भोकाच्या आसपासच पाहिजे, तुमची २ सेंमी वर आहे, म्हणजे जठराचं तेवढं टोक छातीत सरकलं. बस, एवढाच हर्निया. बहुतेकांचा असाच असतो आणि लहान असला तर गोळ्या-पथ्यावरच भागते.

आता पाणी वर का येते? तिथे दारासारखी झडप वगैरे काही नसते बरं का. अन्ननलिकेच्या शेवटी ३-४ सेंमीचा स्नायू कायम आवळलेला असतो, गिळताना तेवढा सैल होतो, आणि बाहेरून पडद्याचा स्नायू त्याला चिमटा देतो. जठर सरकलं की दोघांची जागा चुकते, पकड ढिली पडते. शिवाय अन्ननलिका जठरात तिरपी शिरते आणि जठराचा घुमट तिच्या डावीकडे वर चढलेला असतो (एक्सरेत डावीकडे काळा हवेचा फुगा दिसतो ना, तो तिथलाच), त्यामुळे पोट भरलं की तो घुमटच अन्ननलिकेचं तोंड दाबून धरतो. तुमचा तो तिरपेपणाच कमी झाला.

म्हणून डाव्या कुशीवर झोपा, तसं झोपलं की ॲसिड अन्ननलिका-जठराच्या जोडाच्या खाली राहते, उजव्या कुशीवर उलटं होते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडून आणखी दाबल्या जाते. जेवण आणि झोप यात ३ तास.

सावजीनं हर्निया झाला नाही, पण तर्रीतल्या तेलानं पोट उशिरा रिकामं होते, तेव्हा ते दुपारीच खा. घास अडकला, वजन उतरलं किंवा संडास काळी झाली तर मात्र लगेच दाखवा. आणि खर्र्याचं (तंबाखू-सुपारीचं) तुम्ही काही लिहिलं नाही, पण खात असाल तर तंबाखूनं तोच स्नायू सैल पडते.