कोठडीतल्या मारहाणीच्या केसेस चालवायला कुठे शिकावं?

तुम्ही विचारलंय, साताऱ्यात वकिलीला दोन वर्षं झालीत, कोठडीतल्या मारहाणीच्या केसेस घ्यायच्यात, तर मानवी हक्कांचा डिप्लोमा करावा का. करा की. वाचन होईल. पण केस उभी राहते ती पहिल्या रिमांडला, म्हणजे अटकेनंतर आरोपीला पहिल्यांदा कोर्टापुढं उभं करतात तेव्हा, आणि ते डिप्लोमात येत नाही.

मी सांगलीकडचा. माझं असं पहिलं रिमांड एका तालुका कोर्टात, रविवारी. चोरीच्या संशयावरून आणलेला पोरगा भिंतीला टेकून उभा, पायात चप्पल नाही. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्यानं मागच्या हवालदाराकडं बघितलं आणि म्हणाला, "नाही." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, तेवढंच आलं. मी पीसीआरला (पोलीस कोठडीला) विरोध करण्यात दंग. जामीन झाल्यावर त्याची आई म्हणाली, तळपाय सुजलेले, चप्पल चढत नव्हती. तोवर सूज उतरलेली आणि डॉक्टरांच्या कागदावर 'ताज्या जखमा नाहीत'. लढायला हातात काही उरलंच नव्हतं.

म्हणून माझ्या ज्युनिअरांना मी शनिवारी संध्याकाळी एकच सराव देतो. एक न्यायाधीश, एक तपासी अंमलदार, एक आरोपी. कुठं मारलंय ते आरोपीच्या कानात सांगतो. वकील झालेल्यानं ते काढून घ्यायचं आणि वीस मिनिटांत हातानं, मराठीत अर्ज लिहायचा: साहेबांनी तळपाय स्वतः पाहावेत, दिसेल ते रोजनाम्यात घ्यावं, दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी व्हावी. 'अमानुष छळ' लिहिलं की मी खोडतो. जागा, लांबी, रंग लिहा.

अटक कशी करायची याचे नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल (१९९६) सगळ्यांना पाठ असतो. पण अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही आहे का, त्यावरची वेळ स्टेशन डायरीशी जुळते का, दर ४८ तासांची वैद्यकीय तपासणी झाली का, हे पहिल्या तारखेला किती जण बघतात? सीसीटीव्हीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे पोलीस ठाण्याचं चित्रण १८ महिने, ती सोय नसेल तिथं निदान वर्षभर ठेवायचं असतं. तरी जतन करण्याचा अर्ज त्याच दिवशी टाका. नंतर 'यंत्रणा बंद होती' असं उत्तर येतं.

मानवी हक्क आयोगाकडं जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३० मधल्या मानवी हक्क न्यायालयावर फार भिस्त ठेवू नका. १९९३ च्या या कायद्यानं न्यायालय दिलं, पण तिथं चालवायचे गुन्हे कोणते ते सांगितलंच नाही. नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज हाच रस्ता, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून तुमचं-आमचं रिट मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातं. मुंबईचा हेलपाटा वाचला, हे पक्षकाराच्या खिशाच्या दृष्टीनं फार मोठं आहे.

हे सगळं कशाला, असं सांगलीत कुणी विचारत नाही. २०१७ ला इथल्या कोठडीत एक तरुण मेला आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली.

आणखी एक करा. वकील संघातले चार-पाच जण मिळून एखाद्या निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याला दोन तास बसवा, इजा प्रमाणपत्र कसं वाचायचं ते शिकायला. आम्ही बसवलं होतं. मी पहिला प्रश्न विचारला, अटकेतल्या माणसाचे तळपाय तपासतात का? ते म्हणाले, "कुणी सांगितलं तर."