नोकरी, घर, मुलं सांभाळताना सतत थकवा आणि चिडचिड. हा साधा स्ट्रेस की बर्नआउट? कुठलं मेडिटेशन ॲप चांगलं?

ॲपचं मला विचारू नका, कधी वापरलेलं नाही. पण तुम्ही खाली लिहिलंय ना, "नवरा सांगेन ते सगळं करतो, तरी मीच का दमते", ते वाचलं आणि राहवलं नाही.

अहो, सांगावं लागतं तिथेच तर दम निघतो. गॅसचा नंबर लावायचाय, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, उद्या शाळेत पांढरे बूट, परवा बाई सुट्टीवर. हे ज्याच्या डोक्यात चोवीस तास चालतं तो दमणारच. भांडी कोण घासतं हा पुढचा प्रश्न.

आमच्याकडे ठिणगी पडली पोळ्यांवरून. मी डोंबिवलीची, नोकरी फोर्टात, बँकेत. मार्चअखेरीला घरी यायला साडेनऊ. लेडीज डब्यात मेथी निवडून व्हायची, पण पोळ्या काही लोकलमध्ये लाटता येत नाहीत. म्हणून पोळीभाजी केंद्रातून आणायला लागले. घरात कोणी हूं की चूं केलं नाही. मुलगा तर एक पोळी जास्तच खायचा. मग रविवारी वन्सं आल्या. "आमच्या आईने शाळेतली नोकरी करून सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या, कधी तक्रार नाही केली. तुला वेळेचं नियोजन जमत नाही. पाचला उठून प्राणायाम कर." सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तक्रार करणार कुणाकडे होते?"

त्या दिवसापासून रात्रीचं जेवण नवऱ्याकडे. काय करायचं ते ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत. सुरुवातीला बाजारातून फोन, "कोथिंबीर किती घेऊ?" मी उचललाच नाही. बरेच दिवस खिचडी खाल्ली, कोणाला काही झालं नाही. वन्संकडे आता स्वयंपाकाला बाई आहे, पण ते म्हणे वेगळं.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. तीही जे हात लावतात त्यांचीच, म्हणजे शंभरातले जेमतेम २६. यात पाचला उठून काय होणार? झोप तेवढी कमी होईल.

बर्नआउटचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती फक्त नोकरीच्या कामापुरती: पार गळून जाणं, कामाचा वीट येणं, हातून काही धड होत नाही असं वाटणं. घरकाम त्यात धरलेलंच नाही. मला हे पटत नाही.

तेव्हा नवऱ्याला यादी देऊ नका, एखादं खातं पूर्ण सोपवा आणि मग त्यात नाक खुपसू नका. हे दुसरं जास्त कठीण.

हां, आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि तो पोळ्या विकत आणून जात नाही. प्राणायामाशीही माझं वैर नाही, झोप पुरी होत असेल तर जरूर करा. आणि झोपच लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगणं नको वाटत असेल तर माझं हे पोळीपुराण सोडा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.