नाटकाच्या कपड्यांची नवी पत्र्याची ट्रंक जुनाट, गंजलेली कशी दाखवावी?

जाड्या मिठाने. आधी ट्रंकेला गंजाचा तांबूस-तपकिरी रंग द्या, तो वाळला की पाणी फवारून हव्या तिथे मीठ चिकटवा. पाणी सुकलं की वरून हिरवा किंवा काळा स्प्रे पेंट मारा (ब्रशने मीठ सरकतं) आणि वाळल्यावर ओल्या टूथब्रशने मीठ घासून काढा. रंगाचे पोपडे उडाल्यासारखे वेडेवाकडे डाग उघडे पडतात. हाताने रंगवलेले डाग इतके खरे कधीच दिसत नाहीत.

आमच्या हौशी नाटक मंडळाचं सामान मी सांभाळतो, त्यावरून सांगतो: मीठ सगळीकडे भुरभुरू नका. खरी जुनी ट्रंक नीट बघा. गंज धरतो तो पाणी साचतं तिथे, म्हणजे तळाच्या कडेला, रिव्हेटांभोवती, बिजागरीखाली. कडी-कोयंड्यापाशी आणि मुठीखाली मात्र हात लागून रंग झिजतो आणि पत्रा चकाकतो. तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवा. मंडळाचं नाव स्टेन्सिलने घालून तेही थोडं पुसा, फार छान दिसतं.

पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा असेल तर ऑइल पेंट थेट लावू नका, पुढे पापुद्रे सुटतात. आधी घासून त्यासाठीचा प्रायमर लावा.

हे सगळं फक्त बाहेरून करा. मीठ पूर्ण धुऊन, पुसून वर मॅट क्लिअर लॅकर द्या. नाहीतर खराच गंज येईल, आणि धोतराला लागलेला गंजाचा डाग साबणाने निघत नाही.